जुन्या गाडीसाठी परमुलखातलं गॅरेज निवडताना

खान्देशात जुन्या गाड्या बऱ्या टिकतात. हवा कोरडी, समुद्र लांब, आणि पावसाचे चार महिने सोडले तर पत्र्याला पाणी लागत नाही. रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यात सीजे-थ्रीबी जीप, शिरपूरच्या एखाद्या जिनिंगच्या आवारात अ‍ॅम्बेसेडर, चाळीसगावात दवाखान्यामागच्या शेडमध्ये प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाट, अशा गाड्या ताडपत्रीखाली अजून उभ्या असतात. पत्रा बराचसा शाबूत असतो. रबर वाळून चिरलेलं, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं, डॅशबोर्डला उन्हाने तडे गेलेले आणि इंजिन जाम, अशी एकंदर अवस्था.

जळगाव-धुळ्यात इंजिन बांधणारे, बोअरिंग करणारे हात चांगले आहेत. पण आख्खी गाडी सुटी करून पत्र्यापासून क्रोमपर्यंत मूळ रूपात आणायची म्हटलं की बहुतेकांना बाहेरच बघावं लागतं. कोणी मुंबई-पुण्याचं नाव घेतं, कोणी इंदूर, कोणी पंजाब-हरियाणा, कोणी थेट कोइमतूर. हल्ली काही जण परदेशाचंही विचारतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. लांबच्या गॅरेजचा दर कमी असला तरी काम स्वस्त पडेलच असं नाही, कारण गाडी लांब गेली की मालकाचं लक्ष उडतं आणि मग कामाचे तास वाढत जातात. म्हणून इथे सांगितलेली निम्मी-अधिक मेहनत गाडी जागची हलण्याआधीची आहे.

कागद आधी

आरसी कोणाच्या नावावर आहे ते बघा. पुष्कळदा ती वारलेल्या आजोबांच्या किंवा काकांच्या नावावरच असते. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. हे काम गाडी बाहेर पाठवण्याआधी उरकून घ्या. गॅरेजशी करार, विमा, उद्या तक्रार करायची वेळ आली तर ती, सगळीकडे पहिला प्रश्न मालक कोण हाच असतो.

मग चासी नंबर आणि इंजिन नंबर. रॉकेलचा बोळा फिरवून ग्रीस-धूळ काढा, कोरडं पुसा, वर पातळ कागद घट्ट धरा आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा. ठोकलेले आकडे कागदावर पांढरे उमटतात, भोवती शिशाचा करडा पट्टा. आरटीओत याच पद्धतीने पेन्सिल प्रिंट घेतात. दोन्ही नंबरांच्या तीन-चार प्रती काढून ठेवा. एक करारपत्राला चिकटवायची, कारण गेलेली आणि परत आलेली गाडी तीच आहे याचा याहून स्वस्त पुरावा नाही. नंबर आरसीशी जुळत नसेल तर पुढचं सगळं थांबवा आणि आधी जळगाव (एमएच-१९), धुळे (एमएच-१८) किंवा नंदुरबार (एमएच-३९), जे तुमचं आरटीओ कार्यालय असेल तिथे जाऊन ते निस्तरा.

गाडी कशासाठी हवी हेही याच टप्प्यावर ठरतं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना विंटेज म्हणून नोंदता येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीची ५,०००, मुदत १० वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत. शिवाय गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. शेतावर, लग्नाकार्याला फिरवायची असेल तर नेहमीची नोंदणी ठेवून दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण हाच मार्ग. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला मनाने करता येत नाही. पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन टाकून देतो म्हणणारं गॅरेज तुम्हाला आरटीओच्या दारात उभं करून मोकळं होतं.

गाडी घरीच तपासा

एक साधं लोहचुंबक घ्या, सुती कापडात गुंडाळा आणि पूर्ण बॉडीवरून फिरवा. जिथे पकडत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे. मडगार्डच्या कडा, दरवाजांचा खालचा वीतभर भाग, डिकीचा तळ, बॅटरीची बैठक इथे हमखास सापडतं. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐका. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला भदभद वाजतो. पायाखालचं मॅटिंग उचलून टोकाने दाबून बघा. टोक आत गेलं तर तिथे नवा पत्रा बसणार, एवढं लिहून ठेवा.

इथे जीप आणि फियाट-अ‍ॅम्बेसेडर यांत मोठा फरक आहे, आणि खर्चाचा अंदाज चुकतो तो बहुधा इथेच. जीपला शिडीसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, असते. बॉडी बोल्ट काढून उचलता येते आणि खालचं-वरचं काम स्वतंत्र चालतं. फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरची बॉडी हीच चासी. दरवाजाखालचा पोकळ सिल गाडीचं वजन पेलतो. तो गंजला आणि कोणी आधार न देता कापला, तर बॉडी मधून बसते, आणि मग दरवाजे कितीही ठोका, फटी जुळत नाहीत. त्यामुळे पद्मिनीच्या सिलचं काम जीपच्या पूर्ण बॉडीपेक्षा जोखमीचं ठरू शकतं.

इंजिन जाम असेल तर स्टार्टर मारू नका आणि गाडी ओढून गिअरमध्ये टाकण्याचा प्रयोग तर अजिबात नको. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइलचं मिश्रण सोडा, काही दिवस मुरू द्या, मग हाताने फिरवून बघा. शेवटी फोटो: चारी बाजू, खालून, इंजिन, प्रत्येक खराब जागा जवळून. हेच फोटो सगळ्या गॅरेजना जातील. सगळ्यांना एकच माहिती दिली तरच आलेल्या आकड्यांची तुलना करता येते.

काम फोडा

आख्खी गाडी एकाच गॅरेजला द्यायची सक्ती नाही. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, ब्रेक ड्रमचं टर्निंग ही कामं जळगाव-धुळ्यात चोख होतात, आणि लेथवर तुम्ही स्वतः उभे राहू शकता. बोअर किती साईझला गेला, क्रँक किती ग्राइंड झाला हे डोळ्यांसमोर मोजून घेता येतं. सीटचं रेक्झिन, छताचं अस्तर हेही इथेच. बाहेर पाठवायचं ते मुख्यतः पत्रा, रंग आणि क्रोम. असं फोडल्यावर बाहेरचं बिल बरंच उतरतं. तोटा एवढाच की जुळवाजुळवीची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि इंजिन बसवताना काही अडलं की दोन्ही मिस्त्री एकमेकांकडे बोट दाखवतात. ज्यांना गॅरेजमागे धावायला वेळ नाही त्यांनी पूर्ण काम एकाच ठिकाणी द्यावं, थोडे जास्त पैसे गेले तरी.

कोणत्या मुलखात शोधायचं

माझा आडाखा असा: ती गाडी जिथे पोटापाण्याला लागली होती, तिथला कारागीर शोधा. पद्मिनी मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात बनली आणि २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत तिथे टॅक्सी म्हणून धावली. म्हणून फियाटचा गिअर लिंकेज डोळे मिटून जुळवणारा मिस्त्री आणि काढीव सुटे भाग अजून मुंबईत मिळतात. अ‍ॅम्बेसेडर बंगालात उत्तरपाड्याला बनत होती, २०१४ पर्यंत. तिचे भाग कोलकात्याच्या मल्लिक बाजारात निघतात, काम मात्र इंदूर-पुण्यातही होतं. जीपसाठी लोक हरियाणातल्या मंडी डबवालीचं नाव घेतात. तिथे जीप बांधून देण्याचा धंदाच आहे आणि भाव आकर्षक असतो. पण चकचकीत नवी बांधलेली जीप आणि तुमच्या आजोबांची दुरुस्त केलेली जीप या दोन वेगळ्या वस्तू. तिथे गाडी द्यायचीच असेल तर चासी, इंजिन आणि टब (जीपची पत्र्याची बॉडी) मूळचेच राहतील हे लेखी घ्या.

मुंबईबद्दल एक सावधगिरी. खान्देशात उघडा पत्रा आठवडाभर तसाच राहिला तरी फारसं बिघडत नाही. मुंबईच्या दमट खाऱ्या हवेत जुलै महिन्यात तोच पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा झोत मारून पत्रा उघडा, केल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारणार का, हे विचारायलाच हवं. शक्य असेल तर पत्र्याचं काम दिवाळीनंतर सुरू होईल असं बघा.

परदेशाचं थोडक्यात. भारतातून गाडी दुरुस्तीसाठी बाहेर पाठवून परत आणता येते. ३ वर्षांच्या आत तीच वस्तू परत आली तर सीमाशुल्क गाडीच्या पूर्ण किमतीऐवजी दुरुस्तीचा खर्च, वापरलेलं सामान आणि दोन्ही बाजूंचं भाडं-विमा यांच्या बेरजेवर लागतं. पण कारवरचा आयात कर इतका चढा आहे की पद्मिनी किंवा जीपसाठी हा हिशोब जमत नाही. एखादी दुर्मीळ, संस्थानी काळातली गाडी असेल तरच विचार करावा, आणि तोही आधी कस्टम्सच्या एजंटाकडून निर्यातीचे नियम तपासून.

युरोपात नोकरीला असलेल्या आपल्या मंडळींची गोष्ट निराळी. जर्मनीत जुनी बीटल किंवा मर्सिडीज घेतलेला माणूस ती पोलंड-हंगेरीत दुरुस्तीला पाठवतो, कारण तिथे मजुरी कमी आणि युरोपीय संघाच्या आत कस्टम्सची भानगड नाही. ब्रिटनमध्ये असाल तर १ जानेवारी २०२१ पासून ती भानगड आहे, कागदपत्रांचा खर्च धरूनच तुलना करा. जर्मनीत ३० वर्षांपुढच्या, मूळ अवस्थेतल्या गाडीला ‘एच’ नंबरप्लेट मिळते, पण त्याआधी तज्ज्ञ गाडी तपासतो. स्वस्तात मिळाले म्हणून बसवलेले चुकीचे भाग तिथे अडतात. सिलपासून हप्त्यांपर्यंतचं बाकी सगळं इथल्यासारखंच.

फोन आणि भेट

पहिल्याच फोनवर बरंच कळतं. “फोटो टाका भाऊ, लगेच सांगून देतो,” म्हणून दहा मिनिटांत पूर्ण गाडीचा आकडा पाठवणाऱ्याचं नाव यादीतून खोडा. “खोलल्याशिवाय सांगता येत नाही दादा. खोलायचे आणि तपासायचे वेगळे घेतो, मग लिहून देतो,” म्हणणाऱ्याकडे जा. त्याची खोलाई-तपासणीची रक्कम फुकट गेल्यासारखी वाटते, पण सगळ्या व्यवहारात सर्वात वसूल होणारा पैसा तोच.

मग भेट. न सांगता जा, शक्यतो पावसाळ्यात. सारंगखेड्याच्या यात्रेत जाणता माणूस घोड्याच्या साजाकडे न बघता त्याचे दात बघतो, तसं इथे पुढच्या हॉलमधल्या चकाकणाऱ्या गाड्या सोडून मागच्या बाजूला जायचं. तिथे धूळ खात पडलेली गाडी दिसली की सहज विचारा, ही कधीपासून आहे? मालक पैसे देत नाही, हे उत्तर एखाद्या गाडीला ठीक आहे. चार गाड्यांना तेच उत्तर मिळालं तर समजून जा.

सुट्या भागांकडे बघा. नट-बोल्ट, बीडिंगच्या क्लिपा, दरवाजाचे बिजागर पिशव्यांत गाडीच्या नावाने चिठ्ठ्या लावून ठेवलेत की एकाच डब्यात सगळ्यांचा काला झालाय? पद्मिनीची एक मूळ क्लिप हरवली की ती शोधण्यात जाणारे तास तुमच्याच बिलात येतात. वेल्डिंग चालू असेल तर थोडं थांबून बघा. गंजलेला भाग पूर्ण कापून कडेला कड जोडतात, की गंजावरच पत्र्याचं ठिगळ लावतात? ठिगळाच्या मध्ये ओल राहते आणि दोन पावसाळ्यांत रंगाला फुगे येतात. सिल कापताना दरवाजाच्या चौकटीत पाइप वेल्ड करून आधार देता का, असं विचारा. हा प्रश्न ऐकून मिस्त्रीचा चेहरा खुलला तर तो काम जाणतो. “त्याची काही गरज नाही,” आलं तर चहा पिऊन निघा.

पुट्टी सगळेच लावतात, त्यात पाप नाही. दोन-तीन मिलिमीटरच्या आत हवी एवढंच. पूर्ण झालेल्या एखाद्या गाडीवर तुमचं कापडातलं चुंबक फिरवायची परवानगी मागा. हल्ली रंगाची जाडी मोजणारं यंत्र सहज मिळतं. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, चांगला दुबार रंग ३००-४०० पर्यंत जातो, आणि हजाराच्या पुढे आकडा गेला की खाली पुट्टीचा थर आहे.

ग्राहकांचे नंबर मागताना नुकतीच गाडी नेलेल्यांचे मागू नका, त्यांचा आनंद ताजा असतो. दोन-तीन वर्षांपूर्वी गाडी नेलेल्या माणसाशी बोला. त्याला विचारा: रंग कुठे फुगला का, कबूल केलेल्या आकड्याच्या किती वर बिल गेलं, आणि नंतर फोन उचलतात का.

हिशोब आणि करार

समजा एक गॅरेज तासाला ३०० रुपये सांगतं आणि १,००० तास लावतं. दुसरं ५०० सांगतं आणि ६०० तासांत उरकतं. मजुरी दोन्हीकडे तीन लाखच. आता पहिलं गॅरेज हजार किलोमीटरवर असेल तर गाडीचं जाणं-येणं, तुमच्या भेटी, मुक्काम हे त्याच्या खात्यात मिळवा. परवडणारं कोणतं ते तेव्हा कळतं. सगळं उक्तं द्यायचं की तासावर, यावर माझं म्हणणं असं की रंग, क्रोम, सीट ही मोजता येणारी कामं उक्ती द्या. पत्र्याचं काम तासावर ठेवा, पण वरची मर्यादा घालून आणि ती ओलांडण्याआधी लेखी विचारण्याच्या अटीवर. उक्त्या पत्राकामात गंज झाकण्याचा मोह फार.

करार एका पानाचा चालेल, पण त्यात हे हवंच: पेन्सिल प्रिंट, सोबत दिलेल्या भागांची यादी, मजुरी आणि सामान वेगळं, सामानाची मूळ बिलं, काढलेला प्रत्येक जुना भाग परत, टप्पे आणि मुदत. आगाऊ रक्कम वीस टक्क्यांच्या वर नको. पुढचे हप्ते तारखेला न बांधता दिसणाऱ्या गोष्टीला बांधा: पत्रा पूर्ण होऊन प्रायमर लागला की एक, रंग झाला की एक, जोडणी झाली की एक. शेवटचे दहा-पंधरा टक्के गाडी चालवून झाल्यावर.

१८ टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर काम करू, असं बहुतेक ठिकाणी सुचवलं जातं. लांबच्या गॅरेजशी हे करू नका. पक्कं बिल असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारलाच तक्रार करता येते, गॅरेज कोइमतूरला असलं तरी. मुदत दोन वर्षांची. उलट बाजूही माहीत असू द्या. करार कायद्याच्या कलम १७० नुसार वस्तूवर कौशल्याचं काम करणाऱ्याला ठरलेली मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडकवून ठेवता येते. भांडण झालं की गाडी त्याच्या ताब्यात असते. हप्ते लहान ठेवायचं आणि कामाच्या मागोमाग देत राहायचं कारण हेच.

पाठवणी

धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर रस्त्यांचं नाकं, त्यामुळे परतीचे रिकामे ट्रक आणि कार-कॅरिअर इथे मिळतात. भाव करायला जागा असते. फ्लॅटबेडच घ्या, दोरीने ओढत नेऊ नका. पट्टे चाकांना किंवा अ‍ॅक्सलला बांधायचे, बंपरला नाही. मूळ आरसी घरी ठेवा, प्रत आणि दुरुस्तीला जात असल्याचं सहीचं पत्र चालकाकडे. प्रवासाचा विमा वेगळा काढा. हबकॅप, आरसे, नेमप्लेट, मूळ टूलकिट, स्टीअरिंगचं हॉर्न बटण असल्या सहज निघणाऱ्या वस्तू काढून घरात ठेवलेल्या बऱ्या.

काम चालू असताना

दर आठवड्याला त्याच चार कोनांतून फोटो मागा. सगळ्या भेटी टाळल्या तरी चालतील, पण एक टाळू नका: पत्रा पूर्ण झाल्यानंतरची, रंगाआधीची. त्या दिवशी दरवाजे, डिकी, बॉनेट बसवून फटी बघायच्या, पोकळ भागांत गंजरोधक मेण सोडलंय का विचारायचं, सिलचे सांधे हाताने चाचपायचे. रंग चढला की हे काही दिसत नाही.

इंधनाच्या नळ्यांचं आत्ताच सांगून ठेवा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या काळचं रबर त्यात मऊ पडून चिरतं. होज पाइप, फ्युएल पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरचे वॉशर इथेनॉल सोसणारेच बसवून घ्या. खर्च किरकोळ असतो, पण गळती गरम मॅनिफोल्डवर झाली तर गाडी जळते.

ताबा घेताना

दिवसाउजेडी घ्या, संध्याकाळी नको. पेन्सिल प्रिंट पुन्हा काढून जुनीशी लावून बघा. सगळे दिवे, वायपर, हॉर्न, हँडब्रेक. पाण्याचा पाइप मारून काचांच्या रबराखालून गळतंय का ते बघा. मग किमान वीस-तीस किलोमीटर गाडी चालवा, निम्मं अंतर गर्दीतून. कारण पुणे-कोइमतूरच्या हवेत शांत चालणारं इंजिन भुसावळच्या मे महिन्यात वेगळं वागतं. उन्हात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली म्हणून फियाटच्या बॉनेटखालच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून उभे असलेले चालक ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांबून नेली आहे का आणि रेडिएटरचा गाभा साफ केलाय की नुसता रंगवलाय, हे तिथेच बघून घ्या.

इंजिन नव्याने बांधलं असेल तर पहिले ५०० किलोमीटर जोर लावायचा नाही, नंतर ऑइल बदलायचं आणि हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे. हे कोण करणार, त्यांचा माणूस की तुमचा जळगावचा मिस्त्री, ते शेवटचा हप्ता देण्याआधी ठरवा. बोल्ट किती आवळायचे तो आकडाही त्यांच्याकडून लिहून घ्या.